मेंदूची तोटी

गेल्या वर्षी २६ जानेवारीच्या तालमीत घडलेली गोष्ट सांगते. ऊन चढलं होतं. रांगा लावून अर्धा तास झाला होता. चौथीतली मुक्ता सारखी चुळबुळ करत होती. मी दरडावलं, "मुक्ता, सावधान! पाय हलवायचे नाहीत." बिचारी हलली नाही. दोन मिनिटांनी तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि ती धाडकन कोसळली.

मी धावले, तिला बखोटीला धरून उभं करू लागले. तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या मावशी ओरडल्या, "अहो बाई, उठवता काय तिला? आडवीच राहू द्या!" पाय जरा उंच धरल्यावर मिनिटाभरात मुक्ताने डोळे उघडले.

त्या दिवशी माझ्या दोन चुका झाल्या. त्या कळायला मेंदूच्या घरचं पाणीवाटप समजून घ्यावं लागेल.

मोठ्या माणसाचा मेंदू भरतो जेमतेम १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या शेकडा २. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ सातवा हिस्सा एकटा पटकावतो! मिनिटाला पाऊण लिटर. त्याच्याकडे साठवणीचा डबा नाही ना! रक्त थांबलं तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते.

तुम्ही झोपता, उठता, उड्या मारता. रक्ताचा दाब सारखा वरखाली होतो. तरी मेंदूला रक्त बेतानंच मिळतं. कसं बरं? तिथल्या बारीक धमन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. दाब वाढून भिंत ताणली गेली की ते आवळतात, वाट अरुंद होते. दाब उतरला की सैल पडतात, वाट रुंद होते. नळाला जोरात पाणी आलं की आई तोटी थोडी बंद करते, तसंच. इथे मात्र तोटी आपली आपणच फिरते!

शिवाय मेंदूचा जो भाग कामाला लागेल, त्याला जादा रक्त. इटलीतले शास्त्रज्ञ अँजेलो मोस्सो यांनी १८८० च्या सुमारास एका शेतकऱ्याला तपासलं. अपघातात त्याच्या कवटीला भोक पडलं होतं. तिथून मेंदूचं स्पंदन नोंदता येई. मोस्सोंनी त्याला ८ आणि १२ चा गुणाकार विचारला, तर स्पंदन वाढलं! (पाढे विचारल्यावर आमच्या वर्गात काय काय वाढतं, ते मला ठाऊक आहे.)

मग मुक्ता का पडली? उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. पोटऱ्या हलल्या की त्या पंपासारखं ते वर ढकलतात. मुक्ताचे पाय आपणहून तेच करत होते आणि मी ते थांबवले! त्यात उन्हानं कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या, सकाळपासून पोटात काही नाही. दाब एकदम घसरला. मेंदूने तोट्या सताड उघडल्या, पण टाकीतच जोर नाही. आडवं पडल्यावर डोकं हृदयाच्या पातळीत येतं, रक्त सहज पोचतं. आणि मी तिला उभं करत होते.

शुद्ध नसताना कुणाच्या तोंडात पाणी ओतू नका हं. मिनिटाभरात जाग आली नाही तर डॉक्टरांना बोलवा.

मुक्ता आता पाचवीत, दुसऱ्या शाळेत आहे. परवा बाजारात भेटली. म्हटलं, "काय गं, तालमीत उभं राहवतं का?" तर हळूच म्हणाली, "बाई, मी बुटातल्या बुटात बोटं हलवते, पोटऱ्या आवळते. कुण्णाला दिसत नाही!"