दगडाने कापलेली नाळ आणि आपला अभिमान

मंडळी, आज जरा चिडूनच लिहितेय. दरवर्षी १५ जानेवारीला, म्हणजे विठाबाई नारायणगावकरांच्या स्मृतिदिनी, आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. विठाबाई नऊ महिन्यांच्या गरोदर असताना बोर्डावर नाचत होत्या, कळा आल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ कापली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. खाली हात जोडलेली चित्रं आणि "केवढं हे कलेसाठी समर्पण!"

माझं भांडण विठाबाईंशी नाही, त्या हात जोडण्याशी आहे.

गोष्टीचा शेवट आठवा. बाई परत आल्या तेव्हा पोट दिसेना, म्हणून प्रेक्षकांनी चौकशी केली आणि मोठ्या मनाने खेळ थांबवून त्यांना विश्रांती घ्यायला सांगितलं. अहो, म्हणजे आधीचं पोट दिसत होतं की! तेव्हा का नाही कोणी म्हणालं, बाई, आता बसा?

आणि त्या तरी नवव्या महिन्यात उभ्या का राहिल्या? फडाचा हंगाम दसऱ्यापासून फार तर बुद्धपौर्णिमेपर्यंत. तेवढ्या कमाईत वर्ष काढायचं. कलावंतांनी हंगामाआधीच उचल घेतलेली, फडमालकाने त्यासाठी कर्ज काढलेलं. खेळ पडला की सुपारी बुडाली, आणि जिच्या नावावर गर्दी जमते तीच नाचली नाही तर अख्ख्या फडाची चूल अडते. याला समर्पण म्हणायचं की दुसरा इलाज नसणं?

आता थोडं लांबचं. माझ्या ब्लॉगर मित्रांपैकी बरेच जण ब्लूजचे भक्त आहेत. बेसी स्मिथबद्दल तर किती हळवं होऊन लिहितात! लिहावंच. पोरवयात आईबाप गेले, भावाबरोबर रस्त्यावर गायली, १९१२ मध्ये फिरत्या कंपनीत शिरली, तंबूतल्या खेळांमधून वर आली, १९२३ पासून तिच्या रेकॉर्ड धडाधड खपल्या. २६ सप्टेंबर १९३७ ला मिसिसिपीत मोटार अपघातानंतर ती गेली. गोऱ्यांच्या इस्पितळाने दारातून परत पाठवलं म्हणून मेली, अशी कथा लगेच पसरली. पुढे कळलं की तसं झालं नव्हतं, तिला काळ्यांच्याच इस्पितळात नेलं होतं. तिच्या थडग्यावर दगड बसायला मात्र १९७० साल उजाडलं.

मला गंमत वाटते ती याची. त्यांची गोष्ट खरी नव्हती, तरी ती समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत होती. आपली गोष्ट आपण खरी मानतो आणि तिच्यातून समाजाला अलगद सोडवून घेतो!

विठाबाई १९३५ साली पंढरपुरात जन्मल्या. वडील भाऊ आणि चुलते बापू, मांग समाजातले, त्यांचा 'भाऊ-बापूं'चा फड. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान. शेवटी दवाखान्याचं बिल मात्र लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं. २००२ मध्ये त्या गेल्या आणि २००६ मध्ये सरकारने त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगलाच आहे. पण बिल आधी आलं होतं.

आमचं गाव देवळाली प्रवरा (नाशिकची कॅम्पवाली नव्हे, राहुरी तालुक्यातली). कालव्याचं पाणी, ऊस, हातात पैसा. आमचा सगळा पट्टाच तमाशाचा आश्रयदाता. तिकडे संगमनेरला तर कांताबाई सातारकरांचा फड. पण आमच्या घरात यात्रेची वर्गणी पुरुषांनी द्यायची, पुढे बसून शिट्ट्या मारायच्या आणि आम्ही मुलींनी "तिकडे फिरकायचं नाही". मिसिसिपीतल्या काळ्या बाईचं दुःख हेडफोन लावून ऐकलं की अभिरुची, आणि आपल्या नदीकाठच्या मांग-महार-कोल्हाटी बाईचं गाणं म्हणजे चावटपणा. काका, आत्या, राग मानू नका, पण हे जातीचंच गणित आहे. कलेचा यात काही संबंध नाही.

"कलावंताला सहानुभूती नको, टाळी हवी" असंही कोणी म्हणेल. टाळी हवीच. विठाबाई थोर होत्या त्या आवाजाने, अदाकारीने, वगातल्या कामाने. बाळंतपणाने नव्हे. त्यांच्या गाण्याबद्दल चार ओळी लिहून दाखवा, मग हात जोडा.

तेव्हा ती गोष्ट जरूर सांगा, पण लाजेने सांगा. आणि यात्रेची वर्गणी मागायला कोणी दारात आलं तर पैसे देताना विचारा : फडातल्या बायका झोपणार कुठे? कनातीमागे संडास-पाण्याची सोय आहे का? अवकाळी पावसाने खेळ मोडला तर सुपारी देणार की नाही? गावाकडून एवढं झालं तरी खूप.

असो. शिव्या द्यायच्या असतील तर खाली जागा आहेच.