डोंगरावर दोन रात्री : खोली कशी निवडावी?



केळझरच्या एका वाचक भगिनीने आम्हाला विचारले आहे की, चिखलदऱ्याला मुलाबाळांसह दोन रात्री राहायचे तर कुठे उतरावे, खोली घेताना काय पाहावे, आणि आपल्यासारख्या माणसांना तिथे नीट वागवतात का? तिसरा प्रश्न त्यांनी जरा संकोचाने, अगदी शेवटी विचारला आहे. आम्ही उत्तराची सुरुवात त्याच प्रश्नापासून करतो.

आपले लोक प्रवास करीत नाहीत असे नाही. आपण दीक्षाभूमीला जातो, चैत्यभूमीला जातो, लग्नकार्याला जातो. पण उतरतो कुठे? नातेवाइकांकडे, मांडवात, नाही तर शाळेच्या वर्गात सतरंजीवर. पैसे मोजून खोली घ्यावी, किल्ली आपल्या हातात असावी, ही सवय आपल्या घरांत कमीच. त्याला पैशाची तंगी हे एक कारण आहे. दुसरे कारण जुने आहे. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सराईत पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि त्यांना सामानासह बाहेर पडावे लागले. एवढ्या विद्वान माणसाने रात्रीच्या गाडीची वाट पाहत बागेत बसून वेळ काढला. ती आठवण आपल्या मनात खोलवर आहे. म्हणूनच लॉजच्या काउंटरपुढे उभे राहिले की आपला आवाज आपोआप खाली जातो.

तो आता खाली जाण्याचे कारण नाही. संविधानाच्या कलम १५ ने हॉटेलात प्रवेश नाकारण्याला बंदी केली. १९५५ च्या कायद्याने, ज्याला आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेल किंवा धर्मशाळा नाकारणे हा गुन्हा ठरवला. पुढे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, हेही लक्षात असू द्या. आडनाव ऐकल्यावर रिकामी खोली अचानक ‘भरली’, तर तिथे हुज्जत घालत बसू नये. लॉजचे नाव, वेळ, बोलणाऱ्याचे शब्द लिहून ठेवावेत, सोबत कोण होते ते नोंदवावे आणि पोलीस ठाणे गाठावे. १४५६६ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही याच कामासाठी आहे. बहुतेक वेळा हे करावे लागत नाही. पण माहीत असले की माणूस ताठ उभा राहतो.

आता चिखलदऱ्याकडे वळू. अमरावती जिल्ह्यातले, सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेतले हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच आहे. वर्धा-नागपूरचा उन्हाळा सोसणाऱ्याला तिथली संध्याकाळची हवाच अर्धे औषध वाटते. गाव लहान, शांत. देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड किल्ला, कॉफीची झाडे आणि तिथली रबडी ही पाहण्या-चाखण्याची ठिकाणे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांवर आम्ही जागा खर्च करीत नाही.

जाणे एसटीने सोयीचे. केळझरहून वर्धा, तिथून अमरावती, परतवाडा आणि मग घाट चढून चिखलदरा. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे, तर २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. निघण्याआधी आगारात सवलतीची खात्री करावी, आजीचे आधार कार्ड सोबत घ्यावे. परतवाड्याहून वर जाणारी शेवटची गाडी किती वाजता, हेही आधीच विचारावे. मधल्या मुक्कामी रात्र काढावी लागली तर ठरवलेला सगळा हिशेब कोसळतो.

राहण्याच्या जागा साधारण तीन प्रकारच्या. पहिली, पर्यटन महामंडळाचे निवासस्थान. तिथे दर ठरलेला असतो आणि आरक्षण रीतसर होते. दुसरी, खासगी हॉटेले आणि लॉज. तिसरी, घरगुती खोल्या किंवा आख्खे घर भाड्याने. मेळघाटात सेमाडोह, कोलकास इथे वनखात्याची सोयही आहे. पण ती जंगलातली जागा. आरक्षणाशिवाय तिथे जाऊ नये, आणि पावसाळ्यात काय बंद, काय चालू हे आधी विचारावे.

खोलीचे दर आम्ही इथे छापत नाही, कारण ते हंगामाप्रमाणे आणि वाराप्रमाणे हलतात. पावसाळ्यातले शनिवार-रविवार सर्वात गर्दीचे. कारखान्यात किंवा कार्यालयात रजा मिळत असेल तर सोमवार ते गुरुवार जावे. तीच खोली स्वस्त पडते आणि मालकालाही तुमच्याशी बोलायला सवड असते.

फोनवर पुढील गोष्टी न लाजता विचाराव्यात. दर खोलीचा की माणशी? कर धरून किती? (१८ जुलै २०२२ पासून हजार रुपयांच्या आतल्या खोलीवरही कर लागू झाला. कर घेतला तर जीएसटी क्रमांकाची छापील पावती घ्यावी.) मुलांसाठी जादा गादी लागली तर तिचे किती? खोली सोडायची वेळ कोणती? पाणी किती वेळ असते, गरम पाणी नळाला येते की बादलीने देतात? संडास-न्हाणी खोलीला लागून आहे की बाहेर? बसस्थानकापासून किती अंतर? तिथले पॉइंट एकमेकांपासून दूर आहेत. स्वतःची गाडी नसलेल्यांनी दरीच्या कडेची खोली घेऊन रोज वाहनाला पैसे देण्यापेक्षा स्थानकाजवळची साधी खोली घ्यावी.

कोणी फोनवर सगळे पैसे आगाऊ मागितले तर देऊ नयेत. हॉटेलांच्या नावाने फसवणारे आजकाल फार झाले आहेत. पोहोचल्यावर आधी खोली पाहावी, मग वहीत सही करावी. दाराची कडी आतून नीट लागते का, खिडकी बंद होते का, भिंतीला ओल आहे का, चादर धुतलेली आहे का, हे घरातल्या बाईने स्वतः पाहावे. तिला पसंत नसेल तर ती खोली घेऊ नये.

‘माणशी की खोलीचा’ हा प्रश्न सगळीकडे सारखा नसतो. कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमुळे जपान आपल्याला अगदी परका नाही. तिथल्या डोंगरी गावांत ‘र्योकान’ नावाची जुन्या पद्धतीची निवासस्थाने असतात. त्यांचा दर बहुधा माणशी असतो आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. आकडा मोठा दिसतो, पण चूल कोणालाच पेटवावी लागत नाही. ‘मिन्शुकु’ म्हणजे घरच्या मंडळींनी चालवलेली साधी, स्वस्त जागा. आपणही तसाच हिशेब करावा. खोलीचे भाडे आणि चार वेळचे जेवण एकत्र धरून तुलना करावी, नुसत्या भाड्याची नको.

यातच आमचा खरा मुद्दा आहे. दोन कुटुंबांनी मिळून स्वयंपाकघरासह घर भाड्याने घेतले तर स्वस्त पडते, हे खरे. पण मग डाळ-तांदूळ, तवा, पोळपाट सगळे सोबत निघते, आणि केळझरला जी बाई पहाटे उठून डबे करते ती चिखलदऱ्यालाही पहाटे उठून डबेच करते. धुके बाकीचे पाहतात. असे घर घ्यायचेच असेल तर निघण्यापूर्वी ठरवा : स्वयंपाक पुरुषांनी करायचा, नाही तर दोन्ही वेळचे जेवण खानावळीतून आणायचे. हे ठरत नसेल तर लहानशी खोली घ्या. खर्च बसत नसेल तर दोन रात्रींऐवजी एकच रात्र राहा, पण त्या एका दिवशी तिच्या हाती लाटणे देऊ नका.

सहलीसाठी कर्ज काढू नये, उधारी करू नये. मुलांच्या फीचे पैसे तर मुळीच मोडू नयेत. महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकावे, वर्ष लागले तरी चालेल. आणि जेव्हा काउंटरपुढे उभे राहाल, तेव्हा वहीत आपले पूर्ण नाव, आडनावासह, स्वच्छ अक्षरात लिहा. मुलांना जवळ उभे करून ते लिहिताना पाहू द्या.