सोसणे हा स्त्रीधर्म नव्हे



तुमच्या घरातील एखाद्या मातेच्या वा भगिनीच्या स्तनात कर्करोगाची गाठ निघते, शस्त्रक्रिया ठरते, आणि घरची माणसे डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारतात : जीव वाचेल काय, आणि खर्च किती येईल? शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेविषयी मात्र कोणी तोंड उघडीत नाही. बाई आहे, सोसेल, असे सर्वांनी मनोमन ठरविलेले असते. आमचा आक्षेप याच समजुतीवर आहे.

१८११ साली पॅरिस येथे फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेचा स्तन भूल न देता कापण्यात आला. त्या यातना तिने पुढे आपल्या बहिणीस पत्राने कळविल्या. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे ईथरच्या भुलेचा जाहीर प्रयोग झाला आणि सुरीची वेदना टळू लागली. परंतु भूल उतरल्यानंतरची वेदना बाईच्या वाट्याला राहिली ती राहिलीच. आज तीही पुष्कळ अंशी टाळता येते, हे तुम्ही जाणून घेतले पाहिजे.

स्तनाची संवेदना मुख्यतः बरगड्यांमधील मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जाते. भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक पाहत, पाठीच्या कण्यालगत अथवा छातीच्या स्नायूंच्या थरांत बधिर करणारे औषध सोडतात. ती वाट काही तास, क्वचित दिवसभर, बंद राहते. यासच नर्व्ह ब्लॉक म्हणतात. कण्यालगतची रीत १९०५ पासूनची आहे. स्नायूंच्या थरांतील पेक्स ब्लॉक राफेल ब्लँको यांनी २०११ साली मांडला. मॉर्फीनसारखी औषधे त्यामुळे कमी लागतात आणि मळमळ व ओकारीही कमी होते. प्रॉस्पेक्ट या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२० साली मोठ्या स्तनशस्त्रक्रियेसाठी कण्यालगतच्या ब्लॉकला पहिली पसंती दिली व पेक्स ब्लॉक हा पर्याय सांगितला.

यावर कोणी म्हणेल, दोन दिवसांच्या दुखण्याचे एवढे काय? त्यांस आमचा सवाल आहे : दुखणे दोनच दिवसांचे असते, हे तुम्हांस कोणी सांगितले? कित्येक स्त्रियांची छाती, काख व दंड महिनोन्‌महिने दुखत राहतात, आणि सुरुवातीची तीव्र वेदना हे त्याचे एक कारण मानले जाते. दुखते म्हणून हात उचलला जात नाही. उचलला नाही म्हणून खांदा आखडतो. मग जिला स्वतःची वेणी घालता येत नाही, तिने रोजगारास जावे कसे?

दुसरे म्हणतील, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. औषध जुने आहे, महाग नाही. हवे ते यंत्र आणि शिकलेला हात. सोनोग्राफी यंत्राची नोंदणी १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने सक्तीची आहे, आणि मुलींचे रक्षण करणारा तो कायदा सैल व्हावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. रीतसर नोंदणी करून यंत्र शस्त्रक्रियागृहात आणावे, एवढीच सार्वजनिक रुग्णालयांकडे आमची मागणी आहे.

मात्र खोटी आशा आम्ही दाखविणार नाही. कण्यालगतच्या ब्लॉकने कर्करोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटते काय, हे २,१०८ स्त्रियांवर तपासले गेले. घटत नाही, असा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. क्वचित सुईने फुप्फुसाच्या आवरणास इजा होते, क्वचित औषध रक्तात जाते. म्हणूनच हे काम जाणत्या हातीच व्हावे.

भगिनींनो, नशीब आणि पूर्वसंचित यांची भाषा तुम्ही उंबरठ्याबाहेर टाकली आहे. तिला रुग्णशय्येपाशी परत येऊ देऊ नका. शस्त्रक्रियेपूर्वीच भूलतज्ज्ञास विचारा : मला ब्लॉक देणार काय? नसल्यास का नाही? आणि त्याचा अंमल उतरल्यावर वेदनेवर कोणते औषध, किती वेळाने मिळणार? बंधूंनो, ती विचारू शकली नाही तर तुम्ही विचारा. न विचारणाऱ्या घराची वेदना कोणत्याही नोंदवहीत लिहिली जात नाही.