मोत्याचा दगड

पोळ्याला बैल पुजतात, नागपंचमीला नाग, वसुबारसेला गायवासरू. शेतात राबणाऱ्या, शेताला उपयोगी पडणाऱ्या बहुतेक जिवांसाठी आपल्या पंचांगात एखादा दिवस राखलेला आहे. कुत्र्यासाठी मात्र नाही. नेपाळात दिवाळीच्या दिवसांत कुत्र्यांना टिळा लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून गोडधोड खाऊ घालतात. आपल्याकडं तसं काही नाही. मग शेतावरचा कुत्रा गेला की त्याचं दुःख करायचं कसं, आणि किती दिवस, हे कुणी ठरवून दिलेलं नाही. म्हणून ते दुःख लोकांना हसण्यासारखं वाटतं.

माझं माहेर सौसरकडचं. बेळगावात आले तेव्हा सगळे विचारायचे, ''मध्य प्रदेशातली ना तू? मग मराठी इतकं चांगलं कसं?'' मी सांगायची, 1 नोव्हेंबर 1956 ला तुमचं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याच दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचं सौसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं. सरहद्दीचं दुखणं दोघांचं सारखंच. 2023 साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौसर त्यात आलं. पण घरातली बोली अजून वऱ्हाडी-नागपुरीच आहे, आणि वावरात संत्रीच आहेत.

आमच्या मोठ्या बाबांची संत्र्याची बाग आहे. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. बागेला लागून मका. तिथं रात्री जागल करावी लागते, कारण रानडुकरं येतात. एका रात्रीत मक्याचा पट्टा आडवा करतात, नवी रोपं मुळासकट उकरून टाकतात. बॅटरी, फटाके, डबे वाजवणं, सगळं करून होतं. पण अंधारात डुक्कर कुठल्या बांधावरून शिरतंय, हे माणसाच्या आधी कुत्र्याला कळतं. मोठ्या बाबांचा मोत्या अकरा वर्षं हे काम करत होता. त्याला ना पगार ना सुट्टी. दोन वेळची भाकर, आणि मचाणाखाली पोत्याचं अंथरूण.

अंबिया बहाराची फळं रंगावर येत होती, तेव्हाची गोष्ट. डुकरानं मोत्याची कूस फाडली. गुरांचे डॉक्टर सकाळी आले, टाके घातले, पण तिसऱ्या दिवशी तो गेला. मोठ्या बाबांनी आणि सालदारानं मिळून त्याला बांधावरच्या झाडाखाली पुरलं. त्यानंतर मोठे बाबा वावरात जाईनात. जेवणाच्या ताटावरून उठून जात. बैठकीत कुणीतरी म्हणालं, ''कुत्रंच होतं ना गा ते, माणूस थोडीच मेला!'' त्या दिवसापासून त्यांनी बैठकीत बसणंही सोडलं. पंचाहत्तरीचा माणूस. मोठ्या आईचा मला फोन आला, ''तूच समजाव आता. आमचं ऐकत नाहीत.''

मधल्या काळात सालदारानं तिथं एक दगड उभा करायचं काढलं होतं. त्यावरूनही घरात वाद. चुलतभाऊ म्हणे, ''कुत्र्याची समाधी बांधली म्हणून गाव हसेल.'' रायगडावरच्या वाघ्याचंही नाव निघालं. त्याला समकालीन पुरावा नाही, असं इतिहासाचे अभ्यासक सांगतात. 2011 मध्ये तो पुतळा काढला गेला आणि पुन्हा बसवला गेला, 2025 मध्ये वाद परत उठला. अशा भांडणात आपल्या मोत्याला कशाला ओढा, असं त्याचं म्हणणं.

पण वाचकहो, ज्याला पक्का पुरावा आहे असा एक कुत्रा आपल्या कर्नाटकात आहे. मंड्य जिल्ह्यात मद्दूर तालुक्यात आतकूर नावाचं गाव आहे. तिथला शके 872 चा, म्हणजे इसवी सन 949-50 चा, कन्नड शिलालेख प्रसिद्ध आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याच्या बाजूनं लढलेला गंग राजा बूतुग, यांनी तक्कोलम इथं चोळांचा पराभव केला. त्या लढाईत मणलेर नावाच्या वीरानं पराक्रम गाजवला. ''काय हवं ते माग,'' असं धन्यानं म्हटल्यावर त्यानं मागितला काळी नावाचा कुत्रा. पुढं या काळीला एका मोठ्या रानडुकरावर सोडलं आणि दोघंही एकमेकांशी झुंजत मेले. मणलेरानं आतकूरच्या देवळासमोर काळीचा दगड उभा केला, त्याला जमीन लावून दिली. आणि लेखात पुजाऱ्यासाठी ताकीद कोरली की, या दगडाची पूजा केल्याशिवाय जेवशील तर पाप लागेल. हा दगड आज बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. त्याच कृष्णराजाचा एक ताम्रपट आमच्याकडं वर्ध्याजवळच्या देवळीत सापडलेला आहे. म्हणजे राजाही दोन्हीकडचा एकच, आणि रानडुक्करही तेच.

हे सगळं मी फोनवर मोठ्या बाबांना सांगितलं. पलीकडं बराच वेळ काही बोलणं नाही. मग विचारलं, ''जमीन लावून देली म्हनतेस?'' म्हटलं, ''हो. कुत्र्याच्या नावानं.'' ''अन् नाव कोरलं?'' ''कोरलंय. हजार वर्षं झाली, अजून वाचता येतं.'' ते म्हणाले, ''मंग आपला मोत्या काही लहान नाही झाला.''

माझ्या सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. त्या कन्नड घरातल्या. म्हणाल्या, ''नायिगिरो नियत्तु मनुष्यरिगिल्ल.'' कुत्र्याला जी नियत असते ती माणसाला नाही. मग त्यांनी मैलारच्या गोरवांची आठवण काढली. देवाचे कुत्रे होऊन भुंकणारे, पुढ्यातल्या भांड्यातलं खाणारे. आपल्या जेजुरीचे वाघेही कोटंबा घेऊन तेच करतात. मैलारलिंग म्हणा की खंडोबा, त्याच्या दारात माणूस स्वतःला कुत्रा म्हणवून घेतो आणि त्यात कमीपणा मानत नाही. मग कुत्र्यासाठी रडण्यात कमीपणा कसला?

दगड उभा राहिला. शेंदूर नाही, देवपण नाही. त्यावर फक्त नाव आहे. चुलतभावानंच ते रंगानं लिहिलं.

ज्यांच्या घरी असा जीव नुकताच गेला असेल, त्यांच्याशी बोलताना एवढं करा. ''दुसरं पिल्लू आणा'' हे लगेच म्हणू नका. ते ज्याचं त्याला वाटेल तेव्हा येईल. नाव घेऊन विचारा, त्याच्या सवयी विचारा. घरातल्या लेकरांना ''पळून गेला'' असं सांगू नका, पुरलेली जागा दाखवा. आणि घरातल्या म्हाताऱ्यांकडं जरा जास्त लक्ष द्या. रात्री जागलीवर ज्याच्याशी बोलायची सवय असते, तो गेला की त्यांचं अर्धं बोलणंच बंद होतं.

आपल्या जुन्या घरांतून वैश्वदेवाच्या वेळी कावळ्याचा जसा घास काढत, तसा कुत्र्याचाही काढत. आतकूरच्या पुजाऱ्याला ताकीद द्यावी लागली. आपल्याला कुणी देणार नाही. पण ताटावर बसण्याआधी एक भाकर बाजूला काढून ठेवायला कुठलं पंचांग पाहावं लागतं?