प्लेटच्या मधोमध आहोत, म्हणून निवांत?

डहाणू-तलासरीकडे धक्का बसला की बोईसरच्या ग्रुपवर दोन मेसेज हमखास फिरतात. पहिला : तारापूरला काहीतरी झालंय. दुसरा, जरा शिकल्यासवरलेल्यांचा : घाबरू नका, भूकंप प्लेटच्या कडेला होतात, आपण मधोमध आहोत.

पहिल्याला एका ओळीत उत्तर देता येतं. अणुकेंद्र १९६९ पासून चालू आहे, धुंदलवाडीच्या धक्क्यांची ही रांग सुरू झाली नोव्हेंबर २०१८ मध्ये. मला राग येतो तो दुसऱ्या मेसेजचा, कारण तो अर्धा खरा आहे.

जगातले बहुतेक भूकंप प्लेटच्या कडांवरच होतात हे बरोबर. जपान, इंडोनेशिया, चिली, इकडे हिमालय. आपली प्लेट वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर उत्तरेला सरकते आणि आशियाला रेटते. पण त्या रेट्याचा ताण फक्त हिमालयातच राहतो असं कुणी सांगितलं? तो पार आपल्या पायाखालपर्यंत पोचतो. इथल्या काळ्या पाषाणात आणि त्याच्याही खाली जुन्या भेगा आहेत. ताण वाढला की एखादी सरकते. पावसाचं पाणी भेगांत मुरलं की सरकणं सोपं होतं, असं अभ्यासक सांगतात.

कोयना, ११ डिसेंबर १९६७. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३. दोन्ही प्लेटच्या पोटात, कडेपासून कित्येकशे किलोमीटर आत. किल्लारी तर तेव्हाच्या सरकारी नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. ६.२ चा धक्का, पहाटेची वेळ, दगडमातीच्या जाड भिंती. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आता बोला.

आणखी एक दिलासा मिळतो : बारीक धक्के चांगलेच, ऊर्जा निघून जातेय. हिशेब करा की राव! रिश्टरचा एक आकडा वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट वाढते. म्हणजे ६ च्या एका धक्क्याची ऊर्जा बाहेर पडायला ४ चे जवळजवळ हजार धक्के लागतील. मोठा भूकंप येणारच असं मी म्हणत नाही, तसं कुणालाच सांगता येत नाही. पण येणार नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांकडे तरी कुठला पुरावा आहे?

आम्ही पत्रकारही धुतल्या तांदळासारखे नाही. ‘सौम्य धक्का, जीवितहानी नाही’ ही ओळ आमची बोटं आपोआप टाइप करतात. १ फेब्रुवारी २०१९ ला धक्के बसले तेव्हा घाबरून पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. धक्के उथळ असतात, म्हणून आकडा लहान असला तरी सुरुंग उडाल्यासारखा आवाज होतो आणि भिंत तडकते. थंडीत लेकरं घेऊन तंबूत झोपलेल्यांना ‘सौम्य’ म्हणजे काय ते विचारा.

म्हणून प्लेटची कड किती लांब आहे हे मला सांगू नका. भिंतीचं बोला. कारवीच्या कुडाचं घर हलतं, पण अंगावर पडून माणूस मारील एवढं जड नसतं. विटांच्या नव्या घरकुलात दारं-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना बांधणारी काँक्रीटची पट्टी आहे का, हे कोण तपासतं? आश्रमशाळांच्या इमारतींची तपासणी झाली असेल तर अहवाल गावात वाचून दाखवा. आणि बोईसर एमआयडीसीत तर भूकंपाशिवायच आगी लागतात, स्फोट होतात. तिथल्या रसायनांच्या टाक्या आणि पाइपलाइन किती हादरा सोसतील, गळती झाली तर शेजारच्या चाळीतल्या भाडेकरूने रात्री दोन वाजता कुठल्या दिशेने पळायचं? चाळीत जाऊन विचारा, किती जणांना माहीत आहे ते.

ज्यांच्या गावात शाळेच्या नाहीतर अंगणवाडीच्या भिंतीला तडे आहेत, त्यांनी गावाचं नाव आणि तारीख घालून फोटो पाठवा. आतून एक, बाहेरून एक. नाव छापणार नाही, फोटो छापतो.