रिकाम्या पेटीविषयी बोलण्याची परवानगी

चित्रात काही दिसेनासे झाले, की आपल्या समीक्षकाची वाणी एकाएकी हळुवार होते. 'अदृश्य', 'रिक्त', 'मौन', 'पलीकडचे' हे शब्द उदबत्तीसारखे लावले जातात आणि प्रश्न विचारणारा अरसिक ठरतो. या धुरात एक साधा भेद हरवतो. चित्रकाराने झाकलेले वेगळे; चित्राभोवतीच्या व्यवस्थेने झाकलेले वेगळे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. त्याचे नाव 'इनसाइड द एम्प्टी बॉक्स'. घड्याळ, टाचणी, पान अशा रोजच्या वस्तू बरवे त्यांच्या संदर्भातून सोडवतात आणि अशा अंतरावर ठेवतात, की वस्तू पुरती ओळखीची असूनही तिचे तेथे असणे उलगडत नाही. एनॅमल रंगाचे सपाट पृष्ठ, स्वच्छ कडा. धुके कोठेच नाही. 'कोरा कॅनव्हास' लिहिणाऱ्या या चित्रकाराचे लपवणे हिशेबी आहे. काय काढून घेतले आहे, याचा शोध पाहणाऱ्याला घेता येतो. किंबहुना तो घ्यावा म्हणूनच ते काढलेले असते.

त्याच प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी अमोल पालेकर बोलत होते. दालनाच्या मुंबई व बंगळूर केंद्रांतील स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्याचा विषय त्यांनी काढला आणि त्यांना मध्येच अडवण्यात आले. प्रदर्शनापुरतेच बोला, हा त्या सूचनेचा आशय. रिकाम्या पेटीच्या आत पाहण्याचे निमंत्रण होते. पेटी कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारण्याचे नव्हते.

या प्रसंगावर अधिकाऱ्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण हीच सूचना आपण पदव्युत्तर वर्गांत वर्षानुवर्षे 'कलाकृतीची स्वायत्तता' या भारदस्त नावाने देत आलो नाही काय? बरवे यांचे चित्र पाहताना शांतता हवी, हे मान्य. ती पाहणाऱ्याने स्वतः पत्करायची असते. ध्वनिक्षेपकाजवळ उभ्या असलेल्या वक्त्यावर ती लादली, की तिचा सौंदर्यानुभवाशी संबंध उरत नाही.

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने पालीकडे निघाल्यावर खजाना बावडी लागते. मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने ती बांधली. आत उतरणाऱ्याला पाणी दिसते; ते शेतांपर्यंत नेणारा मार्ग मात्र जमिनीखाली आहे. तेथे उभे राहून 'अदृश्याची अनुभूती' घेता येईलही. पालीचा शेतकरी मात्र आधी पाणी कोणाच्या रानात जाते, ते विचारील. (शेतकऱ्याकडे शहाणपणाचा मक्ता सोपवण्याची हौस मला नाही, दुष्काळी मुलखात हा प्रश्न टाळून चालत नाही, इतकेच.) आणि या प्रश्नाने बावडीच्या रचनेची नवलाई उणावत नाही, उलट, ती रचना तेव्हाच कळू लागते.

बरवे यांच्यावर प्रबंध लिहिणाऱ्याने म्हणूनच ती संध्याकाळ तळटीपेत ढकलू नये. भिंतीवर काय लागणार हे कोण ठरवते, त्या निर्णयात कलावंतांचा आवाज कोठे संपतो आणि मंत्रालयाचा कोठे सुरू होतो, हे प्रश्न चित्रकलेच्या अभ्यासाबाहेरचे आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी तसे का वाटते ते एकदा लेखी मांडावे.