तेलाच्या भावावर उभारलेल्या वास्तू

अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या ईशान्येस ‘जनरेशन पार्क’ नावाची सुमारे ४,००० एकरांची एक खाजगी वसाहत वाढत आहे. एलाय लिली या औषधनिर्मात्या कंपनीने तेथे साडेसहा अब्ज डॉलर खर्चून कारखाना घालण्याचे सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. तेलाच्या नगरीत औषधांचा कारखाना, याचे पुष्कळांस नवल वाटले असेल. आम्हांस मात्र त्याच वसाहतीतील एका जुन्या शेजाऱ्याची आठवण झाली.

हा शेजारी म्हणजे एफएमसी टेक्नॉलॉजीज ही कंपनी. शहरात ठिकठिकाणी विखुरलेल्या आपल्या कचेऱ्या व कर्मशाळा एका आवारात आणाव्यात, या हेतूने तिने २०१४ च्या सुमारास येथे १७३ एकर जमीन घेतली. त्या वर्षीच्या जूनमध्ये ब्रेंट तेलाचा भाव बॅरलला ११५ डॉलरच्या घरात होता. अशा दिवसांत आखलेला बेत आखडता असेल कसा?

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. एफएमसी तेल काढीत नव्हती आणि विकीतही नव्हती. ती तेलक्षेत्र-सेवा कंपनी. समुद्रतळाशी विहिरीच्या मुखावर बसविण्याचे झडपांचे अवाढव्य जुडगे, ज्यास त्या धंद्यात ‘ख्रिसमस ट्री’ असे गोड नाव आहे, ते बनविण्यात तिचा हातखंडा होता. अशा कंपनीचे उत्पन्न म्हणजे तेल कंपन्यांचा खर्च. भाव उतरला की तेल कंपनीचा नफा घटतो. परंतु चालू विहिरीतून तेल येतच राहते आणि काही ना काही पैसा हाती पडतोच. नवी विहीर खोदण्याचा बेत मात्र ती प्रथम पुढे ढकलते, आणि त्याबरोबर सेवा कंपनीची मागणीपत्रे थांबतात. म्हणजे तेजीत जिची भरभराट सर्वांत शेवटी सुरू होते, मंदीत तिच्यावरच पहिला घाव बसतो.

झालेही तसेच. २७ नोव्हेंबर २०१४ रोजी व्हिएन्ना येथे तेलनिर्यातदार राष्ट्रांच्या संघटनेने उत्पादन न घटविण्याचे ठरविले आणि जानेवारी २०१६ मध्ये भाव ३० डॉलरच्या खाली गेला. भाव कोसळावयास चौदा महिने पुरले. बांधकामास त्याहून अधिक काळ लागतो. एकीकडे भिंती चढत होत्या आणि दुसरीकडे त्याच कंपनीत नोकरकपात चालली होती, असा विपरीत देखावा ह्यूस्टनने पाहिला. त्यातच मे २०१६ मध्ये टेक्निप या फ्रेंच कंपनीशी विलीनीकरणाची घोषणा झाली. जानेवारी २०१७ मध्ये ते पूर्ण झाले तेव्हा नव्या टेक्निपएफएमसीची नोंदणी इंग्लंडात आणि कारभार पॅरिस व ह्यूस्टन यांच्यात वाटलेला. एका कंपनीने स्वतःसाठी बांधलेले आवार आता कोणाचे, आणि त्यात किती माणसे बसणार, हे त्या घडीस कोणी छातीठोकपणे सांगू शकले असते असे आम्हांस वाटत नाही.

हे एकट्या एफएमसीच्या नशिबी आले असे नव्हे. त्याच शहराच्या उत्तरेस स्प्रिंग येथे साउथवेस्टर्न एनर्जी या नैसर्गिक वायूच्या कंपनीने नवे मुख्यालय उभारले. ते ऐन नवेकोरे असतानाच, जानेवारी २०१६ मध्ये, तिने सुमारे ४० टक्के नोकर, म्हणजे अकराशे माणसे, कमी केली. हॅलिबर्टन आणि बेकर ह्यूजेस या दोन बलाढ्य सेवा कंपन्या २०१४ मध्ये एक व्हावयास निघाल्या. अमेरिकन सरकारने न्यायालयात हरकत घेतल्यावर मे २०१६ मध्ये तो करार मोडला आणि हॅलिबर्टनला साडेतीन अब्ज डॉलर भरपाई मोजावी लागली. ह्यूस्टनच्या वृद्ध रहिवाशांस हे अपरिचित नव्हते. १९८० नंतरच्या दशकात त्या शहराने दोन लाखांहून अधिक नोकऱ्या गमावल्या होत्या आणि काचेच्या नव्या इमारती आरपार दिसतील इतक्या रिकाम्या पडल्या होत्या.

मग नव्या आवाराचे बेत आखणारे मूर्ख होते काय? आम्ही तसे म्हणणार नाही. ‘भाव पडला, वास्तू बुडाली’ इतके हे सोपे गणित नाही. दक्षिण अमेरिकेतील गियानाच्या समुद्रात २०१५ मध्ये, म्हणजे ऐन मंदीत, लायझा नावाचे मोठे तेलक्षेत्र सापडले. डिसेंबर २०१९ मध्ये तेथून तेल निघू लागले आणि समुद्रतळावरील सामग्रीची मागणी टेक्निपएफएमसीकडे आली. पुढे २०२० मध्ये साथीच्या दिवसांत अमेरिकन तेलाचा वायदेभाव एक दिवस शून्याखाली गेला. तोही तडाखा कंपनीने सोसला. २०२१ मध्ये तिने आपला खुष्कीवरील प्रकल्पांचा मोठा व्यवसाय टेक्निप एनर्जीज या नावाने वेगळा काढला, आणि ह्यूस्टनचे आवार समुद्रतळाच्या कामासाठी टिकले. ते टिकले याचे श्रेय मात्र आराखडा काढणाऱ्यांस थोडे आणि गियानाच्या समुद्रास अधिक आहे. ज्यांच्या नोकऱ्या मधल्या काळात गेल्या, त्यांस हा समुद्र काही परत बोलवावयास आला नाही.

खरा प्रश्न कंपनीचा नसून शेजारच्या गावाचा आहे. कंपनी वास्तू विकू शकते, भाड्याने देऊ शकते, दुसऱ्या कंपनीत विलीन होऊ शकते. रस्ते, जलवाहिन्या आणि शाळा यांस यांपैकी काहीच करता येत नाही. टेक्सास राज्यात वैयक्तिक प्राप्तिकर नाही. तेथील शाळा मोठ्या अंशी स्थावर मिळकतीवरील करावर चालतात. बड्या उद्योगांस शालेय करात सूट देणारी तेथील जुनी योजना बरीच टीका होऊन २०२२ अखेर संपली, तेव्हा २०२३ मध्ये किमान नोकऱ्यांची व गुंतवणुकीची अट घातलेली नवी योजना करावी लागली.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही. मुंबई हाय येथे १९७४ मध्ये तेल लागल्यापासून महाराष्ट्राचा या धंद्याशी संबंध आहे. पूर्वीची श्लंबरजे, म्हणजे आजची एसएलबी, आणि हॅलिबर्टन यांची तंत्रज्ञान-केंद्रे पुण्यात आहेत, आणि तेथील मराठी अभियंत्यांच्या घराचे हप्ते ह्यूस्टनमध्ये ठरणाऱ्या खर्चाच्या आकड्यांशी बांधलेले आहेत. परदेशी कंपन्यांस जागा व सवलती देताना आपले सरकार येऊ घातलेल्या नोकऱ्यांचा आकडा मोठ्या समारंभाने सांगते. पाच वर्षांनी त्यांतील किती उरल्या, आणि कंपनी विकली गेल्यास त्या सवलतींचे काय झाले, हेही दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवण्याची अट प्रत्येक करारात आताच घातली जावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.